धामापूरचा तलाव आणि सड्यावरून उतरणारी वाट

धामापूरच्या तलावाला सायकलने वळसा घालायचा असे ठरवून मी पहिल्यांदा मालवणहून निघालो, त्याआधीचे दोन दिवस पाण्याच्या कडेकडेने जाणारी वाट नकाशावर शोधण्यात गेले होते. तशी सायकलची वाट तिथे मिळाली नाही, आणि ती नाही हेच बरे. तलावाभोवतीच्या डोंगरांची झाडी थेट पाण्याला टेकते, आणि उघड्या बाजूला बांध व भगवती देवीचे देऊळ आहे. त्यानंतरचे तीन हिवाळे मी आसपासच्या कच्च्या वाटा पालथ्या घातल्या. आता माझे मत असे झाले आहे की या तलावाकडे यायची खरी वाट वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर सुरू होते, आणि पाऊस ज्या मार्गाने उतरतो त्याच मार्गाने ती खाली येते.

हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये, डोंगरांच्या मधली घळ बांध घालून अडवून तो उभा केला, आणि त्याच्या पाण्यावर धामापूर व काळसे या गावांची शेती-बागायती पोसली गेली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. जवळजवळ पाचशे वर्षे टिकलेल्या बांधावर खडबडीत टायर फिरवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून बांधापाशी पोहोचलो की मी सायकलवरून उतरतो आणि ती हाताने ढकलत नेतो.

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, हा प्रकार अमेरिकेतल्या खडीच्या ग्रामीण रस्त्यांवर रुजला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून २००६ मध्ये सुरू झालेली सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत त्यातली सर्वांत प्रसिद्ध, आणि तिथली गारगोटीची खडी इतकी धारदार असते की टायर कडेने फाटतात. आपल्याकडचा जांभा, म्हणजे सड्यावरचा तांबडा सच्छिद्र दगड, वेगळाच स्वभाव दाखवतो. तो टायर क्वचितच कापतो. त्याच्या पृष्ठभागावरून सुटलेले गोटीएवढे लोहयुक्त खडे मात्र चाकाखालून घरंगळतात, आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल अंगाखालून निसटते. म्हणून मी ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर वापरतो आणि सड्यावर चढण्यापूर्वी हवा ३२ पीएसआयपर्यंत खाली आणतो. ट्यूबलेस घेण्याचे कारण खडे नव्हेत, तर करवंदीचे काटे आहेत. एका सकाळी चार पंक्चर काढल्यावर हा खर्च मला अनाठायी वाटेनासा झाला.

मला सर्वांत प्रिय असलेली वाट चौके गावाच्या बाजूच्या सड्यावरून जाते. पहाटे सहाला मालवण सोडले की कुंभारमाठाचा चढ अंग गरम करतो, पुढे चौक्यापर्यंत डांबर सोबत करते, आणि मग काजूच्या बागांच्या दगडी गडग्यांमधून जाणारी तांबड्या मातीची पाणंद लागते. तिच्या शेवटी चढ संपतो आणि एकाएकी सगळे उघडे होते: काळपट कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेले गवत, मधूनच एखादे खुरटलेले झाड, आणि डोक्यावर आकाशाशिवाय काही नाही. वाट म्हणावी असे इथे फारसे काही दिसत नाही. गुरांच्या खुरांनी आणि बैलगाड्यांच्या चाकांनी कातळावर उमटलेला फिकट पट्टा ओळखायला शिकावे लागते. पावसाळ्यात याच कातळावरच्या उथळ डबक्यांभोवती सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात, परंतु तेव्हा शेवाळामुळे सायकलच काय, पायही ठरत नाही. ऑक्टोबर सरत आला की गवत पिवळे होते, कातळ कोरडा पडतो, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत हा सडा सायकलस्वाराचा असतो. मार्चनंतर सकाळी नऊलाच कातळ तापतो आणि सावलीला जागा उरत नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी याच सड्यावर मोठी चूक केली होती. फोनवरच्या नकाशात सरळ दिसणारी रेघ धरून मी चाललो होतो, तेव्हा गुरे घेऊन निघालेल्या एका आजोबांनी हात वर करून मला थांबवले. "झिला, थयसून जाव नको, फुडे चिरेखाण आसा," असे ते म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला असावा, म्हणून ते स्वतः पन्नास पावले माझ्याबरोबर चालत आले. गवताच्या कडेलाच जमीन तुटली होती आणि खाली दोन पुरुष खोल, उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा होता. जांभा जमिनीत असताना मऊ असतो, कापून उघड्यावर ठेवला की हवेने कठीण होतो. या गुणामुळेच कोकणातली घरे चिऱ्यांची झाली आणि याच गुणामुळे सडे असे पोखरले गेले. त्या दिवसापासून मी अनोळखी सड्यावर आधी माणसाला विचारतो आणि नंतर नकाशा पाहतो.

सड्याच्या पूर्व कडेवरून धामापूरच्या बाजूला उतरताना दोन ठिकाणी पाखाडी आहे. पायऱ्या चिऱ्यांच्या आणि झिजलेल्या आहेत, तेव्हा सायकल खांद्यावर घेणे हाच मार्ग. बागांच्या वाटेत बांबू आडवे सरकवलेले बेडे लागले, तर ओलांडून झाल्यावर ते पुन्हा जसेच्या तसे लावावे, कारण उघड्या बेड्यातून शिरलेली गुरे एका सकाळीत कोवळी रोपे संपवतात. उतरताना हवा बदलते. वरचा रखरखीतपणा जाऊन अंगाला गारवा लागतो, धनेशाच्या पंखांचा फडफडाट झाडांच्या शेंड्यांवरून ऐकू येतो, आणि अर्ध्या उतारावर एका वहाळात जानेवारीतही पाणी वाहत असते. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी मुरते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ज्या कातळावर आपण तासभर एका घोटासाठी तळमळलो, त्यानेच पावसाळाभर पाणी पोटात साठवलेले असते, हे त्या वहाळाशी बसल्याशिवाय मला कधीच कळले नसते.

ज्यांना सायकल उचलायची नसेल त्यांच्यासाठी दुसरा फेराही चांगला आहे. धामापूरहून काळशाला उतरून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडावी, आणि नेरूरमार्गे वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी जावे. तिथेही देवळाला लागून तलाव आहे. यात बराचसा डांबरी रस्ता आहे, खाडीकाठच्या माडांच्या बागांमधल्या आतल्या वाटा तेवढ्या कच्च्या आहेत.

सड्यावरून आलो की मी नेहमी साडेनऊच्या सुमारास तलावापाशी पोहोचतो. सायकल देवळाच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवतो, बूट काढतो आणि पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसतो. पोटऱ्यांवर चढलेली सड्याची तांबडी धूळ हळूहळू सुटते, पाण्यात थोडा वेळ ढगासारखी तरंगते आणि तळाशी जाऊन बसते.