नॉर्थ कॅरोलिनात लग्नाचं लायसन्स: आम्हा दोघींचा अनुभव

शार्लट-रॅलीकडच्या मराठी मुलामुलींचा हमखास प्रश्न असतो: काउंटरवरच्या माणसाने धर्माचं कारण सांगून समलिंगी जोडप्याला नकार दिला तर? तो माणूस बाजूला होऊ शकतो, पण कार्यालयाला तुम्हाला परत पाठवता येत नाही. आम्ही दोघींनी इथेच कोर्टात लग्न केलं, तेव्हा सगळ्यात उपयोगी पडली ती हीच माहिती.

इथे कामं दोन ठिकाणी वाटलेली आहेत. लायसन्स, म्हणजे लग्नाआधी घ्यायचा परवाना, काउंटीचं (जिल्ह्यासारख्या विभागाचं) 'रजिस्टर ऑफ डीड्स' हे नोंदणी कार्यालय देतं आणि लग्न मॅजिस्ट्रेट (कनिष्ठ न्यायिक अधिकारी) किंवा धर्मगुरू लावतो. राज्यात 10 ऑक्टोबर 2014 पासून समलिंगी लग्नं होऊ लागली. मग 11 जून 2015 ला राज्यपालांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने कायदा केला, की प्रामाणिक धार्मिक आक्षेप असलेला मॅजिस्ट्रेट लेखी कळवून लग्नं लावण्यातून बाहेर पडू शकतो. मात्र त्याला किमान सहा महिने कोणाचंच लग्न लावता येत नाही, स्त्री-पुरुषाचंसुद्धा. डीड्स कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाही लायसन्स देण्याबाबत अशीच सवलत आहे, पण प्रत्येक पात्र अर्जदाराला लायसन्स मिळेल याची जबाबदारी निवडून आलेल्या कार्यालयप्रमुखावर, म्हणजे रजिस्टरवर, राहते.

त्याच वर्षी केंटकी राज्याच्या रोवन काउंटीत किम डेव्हिस या काउंटी क्लार्कने, म्हणजे तिथे लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याने, सगळ्यांचीच लायसन्सं बंद केली आणि सप्टेंबरमध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच दिवस तुरुंगात काढले. तिथे एका व्यक्तीच्या श्रद्धेने अख्खं कार्यालय अडवलं होतं. इथला कायदा तेवढं होऊ देत नाही. तरी मला तो अर्धाच न्याय वाटतो, कारण माघारीचा भार वेळापत्रकावर आणि पर्यायाने जोडप्यांवर पडतो. मॅकडॉवेल काउंटीत सगळेच मॅजिस्ट्रेट बाहेर पडले, तेव्हा शेजारच्या रदरफर्डमधून माणसं आणावी लागली. कायद्याने प्रत्येक काउंटीत आठवड्याला किमान 10 तास, निदान तीन कामकाजाच्या दिवसांत विभागून, मॅजिस्ट्रेटकडे लग्न लावून मिळायला हवं. हा आकडा लक्षात ठेवा. मॅजिस्ट्रेटचं कार्यालय रात्रंदिवस उघडं असलं तरी लग्नाच्या वेळा ठरलेल्या असतात. फोनवर "तुम्ही आमचं लग्न लावाल का?" असं विचारू नका, "या आठवड्यात लग्नाच्या वेळा कोणत्या?" असं विचारा. कोण बाहेर पडलंय ते शोधत बसायची गरज नाही.

आता लायसन्स. फी 60 डॉलर, मुदत 60 दिवस, राज्यात कुठल्याही काउंटीत चालतं. थांबण्याचा काळ नाही, रक्ततपासणी नाही, रहिवासाची अट नाही. त्यामुळे आपल्या काउंटीतल्या वेळा जमेनात, तर सरळ शेजारच्या काउंटीत जा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट उत्तम. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर शपथपत्र भरून देता येतं. डिपेंडंट व्हिसावरच्यांना हे बरेचदा माहीत नसतं. अर्जात दोघांच्याही आईवडिलांची नावं लागतात, आईचं माहेरचं आडनाव घरून विचारूनच जा.

खरी गडबड आपल्या नावांत होते. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. कर्मचारी वडिलांचं नाव 'मिडल नेम' म्हणून टाकतो किंवा गाळूनच टाकतो, आणि मग पुढच्या कागदांशी मेळ बसत नाही. सही करण्याआधी छापील मसुदा पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडा. नंतरच्या दुरुस्तीला फार वेळ जातो.

मॅजिस्ट्रेटची फी 50 डॉलर. रोख ठेवलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, ते तुम्हीच न्यायचे. विधी काही मिनिटांचा: दोघींनी एकमेकींसमोर, स्वेच्छेने आणि स्पष्ट शब्दांत होकार द्यायचा. भटजींकडून लग्न लावणार असाल तर लक्षात ठेवा, सही केलेलं लायसन्स 10 दिवसांत डीड्स कार्यालयाला परत द्यायची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची असते. ते देवघरात पडून राहिलं तर नोंद होणार नाही, म्हणून पाठपुरावा करा.

नोंद झाली की प्रमाणित प्रती जास्तच घ्या. विमा, बँक, एच-4 (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) सगळीकडे लागतात. अमेरिकी व्हिसासाठी 2013 पासून समलिंगी जोडीदार इतरांसारखाच धरला जातो, मुंबईच्या वकिलातीतही.

भारतात मात्र हे लग्न पती-पत्नीचं नातं म्हणून चालत नाही; सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. तिकडे खाती असतील तर ते करून टाका, आणि घर-जमिनीसाठी मृत्युपत्र वेगळं करा.