फेरी ५: वाळलेलं सीलंट, एकतीस सराटे आणि पुन्हा बदललेला बेत

‘ट्यूबलेस केल्यापासून एकही पंक्चर नाही’ असं नाशिकच्या सायकल-फेऱ्यांच्या मागच्या नोंदीत लिहून मी जो तोरा मिरवला होता, तो मातोरीच्या अलीकडे एका द्राक्षबागेच्या बांधावर उतरला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, दुसऱ्या दिवसाची सकाळ, मागचं चाक बसलेलं. तिथून हललो तेव्हा दुपार टळत आली होती.

पहिल्या दिवसाचं फार लिहीत नाही, रस्ता तोच आहे. नाशिकरोडला उतरून शहर पार केलं, गंगापूर रोडनं सोमेश्वरला चहा घेतला आणि गंगावऱ्ह्याला मुक्कामी. बरोबर दादा होता. तो अजून ट्यूबवाला, श्वाल्बे मॅरेथॉन या जाडजूड टायरांवाला. ‘जड असू दे, घरी तर पोचवतात’ हे त्याचं टायरांबद्दलचं एकमेव मत, आणि ते तो दर दहा किलोमीटरला ऐकवतो.

सकाळी बागांमधून शेकोट्यांचा धूर रेंगाळत होता. बेत असा होता: दुगाव, मातोरी, दरी करत रामशेजच्या पायथ्याला जायचं, किल्ला चढून उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत दिंडोरी गाठायची. डांबरी सोडून शेतरस्ता धरायची कल्पना माझीच. नकाशावर तो तुकडा फार देखणा दिसतो, दोन्ही बाजूंना मांडव आणि मध्ये लाल मातीची पट्टी. प्रत्यक्षातही देखणा आहे. फक्त त्या पट्टीवर सराटा पसरलेला होता. पावसाळ्यात याला छोटी पिवळी फुलं येतात, कौतुकानं फोटो काढावा अशी. दिवाळीनंतर तो वाळतो आणि त्याची काटेरी फळं रस्ताभर सुटी होतात. थोडक्यात, द्राक्षात गोडी भरते तेव्हाच सराटाही पिकतो. आपला सगळ्यांचा आवडता मोसम नेमका हाच.

तरी सराट्याची मला भीती नव्हती. ४० मिमीचा टायर, आत ट्यूबऐवजी ६० मिली सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा पातळ द्रव, काटा घुसला तर घुसू दे. पण फुसफुस थांबेना. चाक फिरवलं, भोक खाली आणून धरलं, काही नाही. शेवटी टायर रिमवरून सोडवला. आत एक थेंबसुद्धा ओला नव्हता. वाळलेल्या दुधाच्या सायीसारखा पापुद्रा आणि एका कोपऱ्यात रबराची गोळी. मग आठवलं, सीलंट भरलं होतं जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी. त्यानंतर एरवी सायकल गच्चीवरच्या पत्र्याखाली उभी, सगळी ऑक्टोबर हीट अंगावर घेत. लॅटेक्सचं सीलंट तसंही दोन ते सहा महिन्यांत सुकतं, आणि उन्हात आणखी लवकर. हे मला माहीत होतं. तुमच्यातल्या दोघांना मीच सांगितलं होतं.

ठीक आहे, ट्यूब घालू. घातली, पंप मारला, दोनशे मीटर गेले, पुन्हा बसली. दादाची ट्यूब घ्यावी, तर तिला गाडीचा जाड व्हॉल्व्ह आणि माझ्या रिमचं भोक प्रेस्टाचं, म्हणजे बारीक व्हॉल्व्हचं. जातच नाही. (त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान वर्णन करत नाही.) माझ्याच ट्यूबला पॅच लावायला घेतलं, तर सोल्युशनची नळीही आतल्या आत वाळलेली. त्या दिवशी ओली गोष्ट म्हणजे फक्त माझं कपाळ.

ट्यूब शेतातल्या हौदात बुडवून पाहिली. बुडबुडे एका जागी नाहीत, चार जागी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ट्यूबलेस टायर काटे लपवतो! सीलंट जिवंत असताना काटा घुसतो, भोक बुजतं, काटा तिथेच राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गेल्या सहा महिन्यांचे सगळे काटे टायरमध्ये आतून टोकं काढून बसले होते. अशा टायरात ट्यूब घालणं म्हणजे फुगा खिळ्यांच्या डब्यात ठेवणं.

आता काटे काढायचे. बोटांनी टोक सापडतं, पण धरता येत नाही. माझ्याकडच्या मल्टिटूलमध्ये सतरा अवजारं आहेत, साखळी तोडण्यापासून बाटली उघडण्यापर्यंत, आणि चिमटा नाही. असलं अवजार पुन्हा घेणार नाही. शेजारच्या बागेत थिनिंग चालू होतं. त्यातल्या एक मावशी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी बांधावर आल्या. ‘काटे काढताय का माळ ओवताय?’ म्हणाल्या आणि हातातली थिनिंगची कात्री पुढे केली. घडातले मणी विरळ करायची ती निमुळत्या पात्याची कात्री! टोक बारीक, पकड नेमकी. टायर गुडघ्यावर उलटा वाकवायचा, प्रथमोपचाराच्या डब्यातला कापूस आतून फिरवायचा, कापूस अडकला की तिथे काटा. कात्रीनं हलकेच धरून ओढायचा. एकतीस निघाले. अठ्ठावीस सराट्याचे, दोन बाभळीचे आणि एक तारेचा तुकडा. बाभळीचे सर्वांत पाजी, बाहेरून मोडलेले असतात आणि टायर वाकवल्याशिवाय आतूनही दिसत नाहीत. सोल्युशन मिळालं एका ट्रॅक्टरवाल्याकडून. चार पॅच लावले आणि हवा टिकली. ती टिकल्यावर जो आनंद झाला, तसा कुठल्या वाइनच्या पहिल्या घोटानं आजवर झालेला नाही.

रामशेजनं मुघलांना पाच-सहा वर्षं झुलवत ठेवलं म्हणतात. आम्हाला त्यानं पायथ्यालाही येऊ दिलं नाही. दिंडोरी रद्द, गंगावऱ्ह्याला माघारी.

आणि या माघारीमुळेच फेरीतला सर्वांत चांगला दिवस मिळाला. तिसऱ्या दिवशी सायकली मुक्कामीच ठेवल्या आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या बाजूनं पायी फिरलो. सुला, यॉर्क आणि सोमा या तिन्ही वायनरी याच पट्ट्यात आहेत, पायी जमण्यासारख्या. चालताना कळतं की खायच्या द्राक्षांचे मांडव डोक्यावर असतात आणि वाइनच्या वेली बहुतेक तारांवर उभ्या, भिंतीसारख्या. सायकलवरून हे सगळं नुसतं हिरवं दिसतं. शेनँ ब्लाँ ही पांढरी वाइन चाखली, गार आणि थोडी आंबटसर, भर दुपारी नेमकी हवी तशी. आणि पुढे हँडल धरायचं नाही म्हणून प्याला घाईनं बाजूला ठेवावा लागला नाही. तेव्हा नियम ठरला: सायकलीच्या दिवशी फक्त पाणी आणि उसाचा रस, चाखणं फक्त चालण्याच्या दिवशी. बाटल्याही सायकलवर वाहायच्या नाहीत. भरलेली एक बाटली साधारण सव्वा किलो भरते, दोन घेतल्या की कॅरियरला लटकवलेली पिशवी (पॅनियर) एका बाजूला ओढते.

म्हणून फेब्रुवारीची फेरी पहिला दिवस सायकल, दुसरा पायी, तिसरा सायकल अशी करणार होते. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की वर्तुळ करायचंच कशाला? इगतपुरीला उतरावं. घोटी, मग सांजेगाव-कावनईच्या बाजूच्या वायनरी, मुकणे धरणाचं पाणी, पुढे घोटीवरूनच त्र्यंबकचा रस्ता धरावा. त्र्यंबकहून नाशिक २८ किलोमीटर, सरळ डांबरी. परतीची गाडी नाशिकरोडहून. सराट्याचा शेतरस्ता आपोआप गळतो. अंजनेरीचा डोंगर वाटेतच आहे, म्हणजे पायी दिवस तिथेही टाकता येईल, पण मग चाखणं राहिलं. की चार दिवस करावेत? दादाला सुट्टी तीनच आहेत.

दिंडोरी आणि रामशेज मग वेगळी फेरी, तीही पावसाळा संपता संपता, सराटा हिरवा असताना.

तोवरची कामं: सीलंट दर दोन महिन्यांनी. व्हॉल्व्हचा कोर काढून आत झिपटाय (प्लॅस्टिकची बारीक पट्टी) घालून बघायचा, टोक ओलं आलं तर ठीक. सोल्युशनची नवी नळी, प्रत्येक फेरीला सीलबंद. प्रेस्टाच्या दोन ट्यूब, पैकी एक दादाच्या बॅगेत, त्याला न सांगता. आणि पंचवटीत शेती अवजारांच्या दुकानातून थिनिंगची कात्री घेतलीच आहे. मल्टिटूलच्या एका कप्प्यात ती बसते का ते आज रात्री बघते.