मालदांडीचे पन्नास रुपये

आमच्या घरची शेतीच्या हिशेबाची वही गेली सहा वर्षं मी लिहिते. आधी मामा लिहायचे, माझे सासरे. डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा वही माझ्याकडे आली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची तीन एकर मालदांडी, म्हणजे रब्बीची ज्वारी असते. विहीर नाही, जमिनीतल्या ओलीवरच सगळं पीक. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामांनी गावभर पेढे वाटले होते.

२०२४-२५ च्या हंगामातलं वहीचं पान समोर ठेवून लिहितेय. ज्वारी झाली चौदा क्विंटल. चार घरी ठेवली, खायला आणि बियाण्याला. दहा विकली, २,८५० रुपये क्विंटलनं. कडब्याच्या चौदाशे पेंढ्या झाल्या. आठशे आमच्याच गुरांना लागल्या, सहाशे विकल्या, शेकडा १,८०० रुपये. हातात आले ३९,३००. नांगरट, पाळी, पेरणी, बी-खत मिळून नऊ हजार आधीच गेले होते. काढणी उक्ती दिली, एकरी पाच हजार. कणसं खुडणं आणि मळणीयंत्राचे वर साडेसहा हजार. म्हणजे आलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त पीक रानातून खळ्यापर्यंत आणण्यातच गेले. शिल्लक ८,८००. घरात धान्य आहे, दावणीला वैरण आहे, हे मान्य. पण माझी आणि ह्यांची पाच महिन्यांची मजुरी यात कुठंच धरलेली नाही.

काढणी ज्यांनी केलेली नाही त्यांना हा आकडा मोठा वाटेल. आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. फेब्रुवारी सरता सरता जमीन दगडासारखी झालेली असते. धाट दोन्ही हातांनी धरायचं, कंबरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची. दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात, पानांच्या कडांनी मनगटावर बारीक चरे पडतात. त्या बायांनी एकरी पाच हजार मागितले तर ते जास्त आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. हार्वेस्टर लावा, स्वस्त पडेल, असं लोक सांगतात. दाणे मिळतात त्यानं, पण कडब्याचा चुरा होतो. मग गुरांना काय घालायचं?

आता हमीभावाकडे येते. त्या वर्षी केंद्र सरकारनं संकरित ज्वारीला ३,३७१ आणि मालदांडीला ३,४२१ रुपये जाहीर केले होते. फरक पन्नास रुपयांचा. सरकारी तक्त्यात संकरित ज्वारीचा उत्पादन खर्च २,२४७ रुपये दिलेला आहे, त्याची दीडपट म्हणजे हमीभाव. मालदांडीच्या रकान्यात खर्चच नाही. खाली टीप आहे की या प्रकाराचा खर्च वेगळा काढला जात नाही. ती टीप मी तीनदा वाचली. खरिपातलं संकरित पीक आणि ओलीवर उभं राहणारं आमचं हे पीक, दोन्हींचा उतारा वेगळा, कष्ट वेगळे, आणि हिशेब मात्र एकाचाच.

आणखी एक गोष्ट वही लिहायला लागल्यावर कळली. हमीभावाची शिफारस करणारा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्च काढताना दाणा आणि कडबा यांच्या किमतीच्या प्रमाणात तो वाटून टाकतो. कडबा महाग झाला की दाण्याच्या वाट्याचा खर्च कमी दिसतो. हिशेब म्हणून ते बरोबर असेल, पण कडब्याला हमीभाव कुठाय? पाऊसमान चांगलं झालं की तोच कडबा कुणी विचारत नाही. आणि आमचा निम्म्याहून जास्त कडबा तर विकायला जातच नाही.

बरं, ३,४२१ तरी मिळाले असते तर दहा क्विंटलला ५,७१० रुपये जास्त आले असते. ई-पीक पाहणी केलेली होती, सातबाऱ्यावर ज्वारीची नोंद होती. पण हमीभावाचं सरकारी खरेदी केंद्र सुरू झालं तोवर ज्वारी विकून झाली होती. मजुरांचे पैसे थांबत नाहीत, व्यापारी दारात येऊन काटा लावतो.

शेजारच्या उसाला काय आहे बघा. कारखान्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावीच लागते, चौदा दिवसांत, असा कायदा आहे. पैसे उशिरा मिळतात तिथंही, पण मागायला कायदा तरी हातात असतो. म्हणून जिथं पाणी पोचतं तिथून ज्वारी जाते आणि ऊस येतो. यात शेतकऱ्याची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

२०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' नाव मिळालं. मला त्याचा आनंदच झाला. पण अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे, आणि आमच्या रेशन दुकानात बहुतेक महिने गहू-तांदूळच येतो. ओडिशानं २०१७ मध्ये भरडधान्यांचं मिशन सुरू करून शेतकऱ्यांची नाचणी विकत घेतली, ती रेशनवरही दिली. तसं इथं फेब्रुवारीत केंद्र उघडून ज्वारी घेतली, तर आम्हाला भावासाठी वेगळं काही मागावं लागणार नाही. दुसरं मागणं यंत्राचं आहे. उभं धाट अखंड काढून पेंढी बांधणारं, आमच्या उंच मालदांडीला झेपणारं, आणि गावच्या अवजार बँकेत भाड्यानं मिळणारं.

ग्रामसभेत मी हे दोन्ही मुद्दे लिहून दिलेत, वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडून. मामांनी कागद डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "खाली गुरांची संख्या पण लिही, नाहीतर कडबा कुठं गेला विचारतील." मग तीही लिहिली.