चप्पल सुटली तरी कळत नाही

मंगळवार, रात्र

खारघरच्या हॉस्पिटलमधून परतले. एमआरआय चांगला आला. ऑपरेशननंतर उरलेला गाठीचा तुकडा आहे तेवढाच आहे. आईने लगेच देवापुढे साखर ठेवली.

वेटिंगमध्ये एका काकांनी विचारलं, "ताई, ऑपरेशननंतर चालता येतं ना?" त्यांच्या मिसेसना माझ्यासारखीच मज्जारज्जूतली गाठ, एपेन्डायमोमा. काठी घेऊन चालतात म्हणाले. मी म्हटलं, मग आता थांबू नका. ऑपरेशनच्या आधी माणूस किती चालतो, त्यावरच नंतरचं बरंचसं ठरतं.

पण "चालता येतं" एवढ्याने काही कळत नाही. माझी गाठ मज्जारज्जूच्या आतच होती. तिथे पोचायला सर्जन मज्जारज्जू पाठीमागून मधोमध उघडतात, आणि पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारे तंतू नेमके तिथेच असतात. माझ्या पायांत ताकद आहे, पण डोळे मिटले की तोल जातो. तोंडाला साबण लावताना एक हात बेसिनवर लागतो. रात्री लाइट गेली की असेन तिथेच खाली बसते. गोखले रोडवर डाव्या पायातली चप्पल सुटून मागे राहते आणि कोणीतरी हाक मारतं तेव्हा कळतं. आता मागे पट्टा असलेली सँडलच घालते. काकांना हे सगळं सांगितलं. बाथरूममध्ये धरायला दांडा आधीच बसवून घ्या, हेही.

रेडिएशनबद्दल सांगायचं राहिलं. अशा गाठीला साधारण 45 ते 54 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) देतात, तेही रोज थोडं थोडं, कारण मज्जारज्जूला एका मर्यादेपलीकडे सोसत नाही. ते संपल्यावर काही महिन्यांनी मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा. गाठ परत आली असं वाटून मी रात्र रात्र जागले. रेडिएशननंतर असं होऊ शकतं, बहुतेकांचं आपोआप थांबतं, माझंही थांबलं. हे पेशंटला आधी सांगायलाच हवं.

आणि लघवी. ती पूर्ण होत नाही, हे बाई माणसाने चारचौघांत कुठे बोलायचं? पण साठून राहिली तर त्रास किडनीपर्यंत जातो. आज डॉक्टरांना सरळ सांगितलं. त्यांनी युरोलॉजीला चिठ्ठी दिलीय, शुक्रवारी जायचंय. एमआरआय मात्र चालूच राहणार. ही गाठ दहा वर्षांनंतरही डोकं वर काढू शकते.