तुम्ही विचारलंत म्हणून: शून्यच आलं ना, मग आता काय शोधता?

नागपुरात कुठंही इन्फ्लेशनवर, म्हणजे विश्व जन्मतःच क्षणार्धात प्रचंड फुगलं या कल्पनेवर, बोललो की शेवटी कोणीतरी हमखास विचारतं, "प्लँक उपग्रहानं तर शून्य सांगितलं. मग अजून काय शोधता?"

शून्य सांगितलेलं नाही. विश्वाच्या सुरुवातीच्या क्वांटम चढउतारांचं वाटप गाउसियनपासून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्रापासून, किती ढळलं, याचं एक माप म्हणजे एफएनएल. विश्वाच्या बालपणीचा प्रकाश मोजणाऱ्या प्लँकच्या 2018 च्या विदेतून ते उणे 0.9 आलं, अधिक-उणे 5.1. त्यात शून्य बसतं, तसे तीनही बसतात, उणे चारही.

हे मी चिडून सांगतो, मान्य आहे. त्याला कारण 21 मार्च 2013 ची दुपार. माझा प्रबंध कर्व्हेटॉनवर होता: विश्व फुगवणारं क्षेत्र एक, आणि आजच्या दीर्घिकांचं बीज पेरणारं दुसरंच, ते म्हणजे कर्व्हेटॉन. प्लँकच्या आधीच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाचा एफएनएलचा आकडा तेव्हा 37 होता, अधिक-उणे 20. मोठं मूल्य येणार, या भरवशावर एक अख्खं प्रकरण उभं होतं. मी नागपूरच्या महाल भागातल्या घरी होतो. लाईट गेलेली, कूलर बंद, मोबाइलवर प्लँकचा शोधनिबंध रखडत उतरत होता. सारांशातच आकडा दिसला: 2.7, अधिक-उणे 5.8. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "निकाल लागला का रे?" म्हटलं, लागला. संध्याकाळी मार्गदर्शकांचा फोन आला. "ते प्रकरण काढून टाकू या," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं आणि रात्रभर तेच प्रकरण पुन्हा वाचत बसलो.

त्यात एक ओळ होती. क्षय होण्याआधी कर्व्हेटॉननं विश्वाची जवळपास सगळी ऊर्जा व्यापली, तर एफएनएल उणे सव्वा येतो. साध्या एकक्षेत्री इन्फ्लेशनमध्ये तो जेमतेम 0.01 च्या घरात, हे भौतिकशास्त्रज्ञ माल्दासेनानं दाखवलंच आहे. या दोहोंत निवाडा करायला पाचची अनिश्चितता काय कामाची?

तेव्हाचा मी म्हणेल, ही पळवाट आहे. मोठं मूल्य गेलं म्हणून लहान धरलंस. उणे सव्वा समीकरणात पहिल्यापासून होतं, हे माझं उत्तर. पण 37 समोर असताना त्या ओळीकडं मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हेही खरंच.

मार्च 2025 मध्ये स्फिअरएक्स दुर्बीण अवकाशात गेली. कोट्यवधी दीर्घिकांच्या नकाशातून अनिश्चितता एकच्या खाली आणायची, हे तिचं एक उद्दिष्ट. त्यात उणे सव्वा टिकेल किंवा जाईल. टिकलं तरी कर्व्हेटॉन सिद्ध होत नाही, तेवढं ढळणं इतर मॉडेलंही देऊ शकतात. ते भांडण पुढचं आहे, आणि मला ते भांडायचं आहे.