जगलेल्या भेकराची नोंद

आमच्या काजूच्या बागेत बाण लागलेले भेकर, म्हणजे लहान जातीचे रानटी हरीण, जगले, याचा आनंद मला आहेच. पण ते जगले म्हणूनच त्याच्यावर झालेल्या गुन्ह्याची नोंद करून घ्यायला मला 24 दिवस आणि पाच फेऱ्या लागल्या, याचा राग अजून गेलेला नाही. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर आला तर त्याच्या निदान तीन फेऱ्या वाचाव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वर, कातळाच्या सड्याला, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराला, लागून आहे. मार्चमध्ये बोंडू (काजूची फळे) पडू लागले की भेकरे पहाटे बागेत येतात, हे आम्हाला नवीन नाही. त्या दिवशी सकाळी बिया गोळा करताना सौभाग्यवतींना करवंदीच्या जाळीजवळ एक मादी उभी दिसली. तिच्या मागच्या उजव्या मांडीत, वरच्या जाड मांसात, काळा बाण आडवा रुतलेला होता. ती तीन पायांवर उड्या घेत जाळीत शिरली. मी वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन केला आणि दुपारी वनरक्षक एका पशुवैद्यकांना घेऊन आले. इथपर्यंत काहीही अडले नाही.

डॉक्टरांनी जनावराच्या मागे कोणालाही जाऊ दिले नाही. त्यांनी आधी वाळलेल्या पानांवरचे रक्ताचे थेंब पाहिले. रक्तात गुलाबी फेस असेल तर बाण फुप्फुसाला लागलेला असतो. रक्त गडद, काळपट असेल तर यकृताला. आणि त्यात हिरवट चोथा दिसून दुर्गंधी येत असेल तर पोटाला. आमच्या बागेतले रक्त लाल, फेस नसलेले आणि वीस-पंचवीस पावलांनंतर कमी होत गेलेले होते. याचा अर्थ जखम फक्त स्नायूत होती. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार हंगामात कायदेशीर असते आणि तिथले शिकारीही रक्ताची हीच लक्षणे वाचतात, असे डॉक्टरांनी सांगितले. बाण बंदुकीच्या गोळीसारखा हादरा देऊन मारत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. म्हणून ते लोक पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या पिंजऱ्यात, जिथे दोन्ही फुप्फुसे आणि हृदय असते तिथे नेम धरतात आणि त्यासाठी वस्तऱ्यासारख्या धारेची रुंद पाती असलेले टोक वापरतात. बाण खांद्याच्या हाडावर अडला किंवा मांडीच्या मांसात रुतला, तर हरीण पुष्कळदा जगते. पोटाला लागलेले हरीण मात्र निघून जाते आणि पोटातली घाण आत पसरून काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मरते. नेम चुकल्याची शिक्षा जनावर अशी भोगते, हे ऐकताना मला फार वाईट वाटले.

बेशुद्ध करून बाण काढावा असा माझा आग्रह होता. डॉक्टरांनी तो मानला नाही, आणि ते बरोबर होते. हरणवर्गातले प्राणी पाठलागाने आणि पकडण्याच्या भीतीने इतके ताणले जातात की त्यांचे स्नायू आतून खराब होऊ लागतात, आणि जखम बरी होण्यासारखी असली तरी ते काही तासांत किंवा काही दिवसांत दगावतात. आठवडाभर बागेत कुत्रा फिरकू देऊ नका, बिया वेचणाऱ्या बायकांना जाळीच्या बाजूला पाठवू नका आणि पाण्याची घमेली दुरूनच भरा, एवढेच त्यांनी सांगितले. पावसाळा नव्हता हे नशीब, नाहीतर माश्यांनी जखमेवर अंडी घातली असती आणि तिच्यात अळ्या पडल्या असत्या. चौथ्या दिवशी बाण जाळीखाली पडलेला मिळाला. त्याचे टोक सरावाच्या बाणाचे, निमुळते, पोलादी, पाती नसलेले होते. म्हणूनच जखम अरुंद राहिली आणि चालताना स्नायू हलून बाण आपोआप सुटला.

वनरक्षकांनी जाताना सांगितले होते की बाण मिळाला तर कार्यालयात आणून द्या. मी त्याच दिवशी घेऊन गेलो, आणि तिथून खरा त्रास सुरू झाला.

पहिल्या दिवशी मला विचारण्यात आले, “काका, जनावर मेलं आहे का?” मी नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, “मग पंचनामा कशाचा करायचा?” मृत प्राणी असता तर शवविच्छेदन, पंचनामा, जप्ती हे सगळे ठरलेल्या क्रमाने झाले असते, जिवंत आणि रानात निघून गेलेल्या प्राण्यासाठी त्यांच्याकडे कोणताच कागद नव्हता. दुसऱ्या फेरीत साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या फेरीत सातबारा मागितला, आणि बाग खाजगी मालकीची आहे म्हणून पोलीस ठाण्यात जायला सांगितले. पोलीस ठाण्यात साहजिकच सांगण्यात आले की हा वन विभागाचा विषय आहे. चौथ्या फेरीत जे ऐकावे लागले ते मी विसरू शकत नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी बाण हातात न घेताच विचारले, “हा तुमच्याच घरातला नाही कशावरून?” ज्या माणसाने स्वतः फोन केला, जो आठ दिवस आपल्याच बागेत दबक्या पावलांनी वावरला, त्यालाच हा प्रश्न विचारला गेला. मी उत्तर न देता बाहेर आलो आणि बस येईपर्यंत उन्हात उभा राहिलो, कारण आत बसण्याची इच्छाच राहिली नव्हती.

त्या रात्री मी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 उघडून बसलो. त्यातल्या कलम 2(16) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. तिच्यात वन्य प्राण्याला ठार मारणे जसे येते, तसेच त्याला इजा करणे, फासकी लावणे, सापळ्यात पकडणे आणि ठार मारण्याचा किंवा पकडण्याचा प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे भेकर जगले तरी शिकार झालेलीच आहे. कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे, आणि ती बंदी वनजमिनीपुरती नाही. माझ्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतही ती तितकीच लागू आहे. तीन आठवडे मी हेच तोंडाने सांगत होतो, परंतु मला कलम माहीत नव्हते, आणि त्या टेबलापुढे कलमाशिवाय बोलणाऱ्या माणसाचे कोणी ऐकत नाही.

मी दोन पानी अर्ज लिहिला. त्यात पहिल्या फोनची तारीख व वेळ, पशुवैद्यकांच्या भेटीचा दिवस, बाण सापडल्याची जागा गट क्रमांकासह आणि चारही फेऱ्यांच्या तारखा दिल्या. शेवटी एक वाक्य घातले की कलम 55 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला न्यायालयात तक्रार करता येते, आणि वेळ पडल्यास मी ती करीन. एक प्रत कार्यालयाच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतला. आणखी एक प्रत उपवनसंरक्षकांना स्पीड पोस्टने पाठवली. ही माझी पाचवी फेरी. तिसऱ्या दिवशी वनपाल दोन पंचांसह बागेत हजर झाले. ते गृहस्थ नीट वागले, त्यांनी सौभाग्यवतींचा जबाबही शांतपणे लिहून घेतला, आणि वनगुन्हा नोंदवला गेला. त्या क्षणी मला जे समाधान वाटले ते मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी वाटले होते, तसे होते.

पोच ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. तोंडी सांगितलेल्या चार फेऱ्यांचा कार्यालयाकडे काहीही पुरावा नव्हता. मी आलो होतो हेही कोणी मान्य केले नसते. 1926 वर फोन केल्याची वेळ मोबाइलमध्ये राहते, तिचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा. बाण दिसला की आधी त्याचा जागेवर फोटो काढावा, शेजारी पट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवावी, आणि मगच तो उचलावा. मी तो थेट उचलला, आणि चौथ्या फेरीतल्या त्या प्रश्नाला जागा मिळाली ती यामुळेच. वाळलेले रक्त असलेली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत दमट होऊन रक्त कुजते. कागदाच्या पाकिटात ठेवावी. आपल्याकडच्या हवेत तर हे फारच लवकर होते.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बातमी पसरताच गावातल्या काहींनी खालच्या अंगाच्या एका गरीब वस्तीकडे बोट दाखवले. मला ते सहन झाले नाही. बाण कार्बनचा होता, त्याला प्लास्टिकची पिसे होती आणि टोक आटे फिरवून बसवलेले होते. तो दुकानात विकत घेतलेला खेळाचा बाण होता. घरी बांबू तासून केलेल्या बाणाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. हे मी जबाबात मुद्दाम लिहायला लावले.

पंचनाम्याच्या पहिल्या मसुद्यात त्या बाणाचे वर्णन “काळ्या रंगाची एक काठी” असे झाले होते. सही करण्यापूर्वी मी तो वाचला म्हणून हे लक्षात आले. बाणाच्या दांड्यावर बारीक अक्षरात आकडे छापलेले होते, आणि विकणाऱ्या दुकानापर्यंत पोहोचायचे असेल तर त्या आकड्यांखेरीज दुसरा धागा नव्हता. मी वनपालांना चष्मा दिला, त्यांनी आकडे एकेक करून वाचले, पंचांनी ते तपासले, आणि “काठी” खोडून तिथे “बाण” असे लिहून, लांबी सेंटिमीटरमध्ये नोंदवून, खोडलेल्या जागी चौघांनी सह्या केल्या.