आमची वाटचाल : आधी टायर, मग उंची, शेवटी रिम

कुडाळजवळ हायवेला लागून असलेलं आमचं दुकान सुरू झालं ते पंक्चर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटवर. पुढे वाकलेल्या रिमा सरळ करायचं काम वाढलं. जुन्या गाड्या त्यानंतर आल्या. चाकरमानी निवृत्त होऊन गावी परतले, की मुंबईच्या गॅरेजात झाकून ठेवलेली गाडीही मागोमाग येते. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा होते ती दोन दारांच्या मर्सिडीज 123 ची, म्हणजे 1977 ते 1985 मधल्या कूपेची. म्हणून इथले आकडे तिचेच देतो.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाइलवर रिमचा फोटो घेऊन येतं. आम्ही रिमकडे शेवटी वळतो. आधी बघतो तो टायर, कारण त्या मापाचा ताजा टायर बाजारात नसेल तर बाकी सगळं फुकट. या गाडीचं एक मूळ माप 195/70 आर 14, म्हणजे रुंदी 195 मिमी, बाजूची उंची तिच्या 70 टक्के आणि रिम 14 इंची. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 629 मिमी भरतो. 205/60 आर 15 चा व्यास 627. दोन मिमीचा फरक स्पीडोमीटरला कळतही नाही, आणि 15 इंची अलॉय त्या काळात मिळतच होती. म्हणजे 14 किंवा 15 इंच, बस. 17 इंची रिम घातलेली ही गाडी आम्हाला तरी भाड्याचे बूट घातल्यासारखी दिसते.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजूंना, टाकी भरून. डाव्या-उजव्यात 10 मिमीहून जास्त फरक दिसला तर स्प्रिंगला हात लावण्याआधी तिच्या टोकाशी बसणारं रबर पॅड काढून बघा. या पॅडच्या कडेला उंचवटे असतात: एक म्हणजे 8 मिमी, दोन म्हणजे 13, तीन 18, चार 23. एक पायरी बदलली की पॅडमध्ये पाचच मिमीचा फरक पडतो, पण स्प्रिंग ही चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या आतल्या बाजूला बसत असल्यामुळे चाकापाशी तो जास्त दिसतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं. पुढची स्प्रिंग काढायला मात्र आतून बसणारा प्लेटचा कॉम्प्रेसरच हवा. बाहेरून हूक अडकवून दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

स्प्रिंगचा वेटोळा कापून गाडी खाली करायला आम्ही सरळ नाही म्हणतो. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही. मागचे आर्म तिरके असल्यामुळे गाडी जितकी बसेल तितकी मागची चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेने खाऊन टाकतात. दुसरी नेहमीची भानगड बुशांची, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरांची. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ती उंच राहते आणि बुश पिळून फाटतो. बोल्ट आवळायचे ते चाकांवर वजन आल्यावरच.

किती खाली जायचं ते इथले गतिरोधक ठरवतात. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाचा गतिरोधक 100 मिमी उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा. या कूपेच्या दोन आसांतलं अंतर 2.71 मीटर, म्हणजे चाकंही उंचवट्यावरच असतात, त्यामुळे त्यावरून जाताना पोटाखालचे जेमतेम 54 मिमी जातात. पण वाडीच्या रस्त्यावरचा हातभर रुंदीचा उंचवटा चाकांच्या मध्ये आला की पूर्ण 100 खातो. म्हणून गणपतीला निघाल्यासारखी चार माणसं आणि सामान भरून सायलेन्सरच्या नळीखाली 130 मिमी उरतात का, ते बघूनच आम्ही उंची पक्की करतो.

आता रिम. पीसीडी 5×112, म्हणजे 112 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट; मधलं भोक 66.6 मिमी. फोक्सवॅगनची रिम पाच बोल्टांना जुळते, पण तिचं भोक 57.1, ती हबवर चढतच नाही. मूळ 6 इंची रिमचा ईटी, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, 30 मिमी. त्या जागी 7 इंची, ईटी 25 घेतली तर ती बाहेर 17.7 मिमी आणि आत 7.7 मिमी सरकते. बाहेर घासली तरी मडगार्डची कड कापू नका, जास्त ईटीची रिम शोधा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, आणि या कूपेची पन्नाशी जवळ आली आहे.

जुनी रिम विकत घेताना टायर उतरवून, रंग खरवडून भेगा तपासा. पृष्ठभाग कोरडा-स्वच्छ करायचा, लाल डाय फवारून 10 ते 15 मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचं, मग पांढरा डेव्हलपर. बोल्टाच्या भोकापासून आरीकडे (स्पोककडे) केसाएवढी लाल रेघ उमटली, की ती रिम भिंतीवर टांगायची.

मॅग्नेशियमच्या अस्सल रिमा आम्ही इथे रोजच्या वापराला देत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत रंगाला टोचा पडला की आतून पांढरी पूड सुटते. ॲल्युमिनियमच्या रिमला त्रास कमी, पण लोखंडी हबला ती चिकटून बसते. पावसाळ्याआधी हब तारेच्या ब्रशने घासून अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्यावा, बोल्टाच्या बैठकीला, म्हणजे बोल्ट रिमवर टेकतो त्या जागेला, मात्र तो लागू देऊ नये. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायचीच घ्या, लोखंडी क्लिपखाली कड सडते.

बोल्ट 12×1.5. मर्सिडीजच्या मूळ रिमची बैठक गोल, बाहेरच्या बऱ्याच अलॉयची शंकूसारखी. अदलाबदल केली तर बोल्ट बैठकीच्या कडेवरच टेकतो आणि सैल होतो. बोल्ट हाताने किमान आठ फेरे आत गेला पाहिजे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा बघायचं. स्टेपनी बहुधा लोखंडीच राहते आणि अलॉयचे लांब बोल्ट तिला लावले तर मागच्या बाजूला ते आत जाऊन हँडब्रेकच्या शूला अडतात. म्हणून मूळ आखूड पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीशेजारीच ठेवून देतो.